दानपत्रावर सही झाली, आता आईने कुठे जावं?

(आलेल्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

"ताई, मी इंदूरची. वय 73. यजमान हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा धाकटा शाळेत होता. लोकांच्या घरी पोळ्या करून, ब्लाऊज शिवून मी तिघांना मोठं केलं. घर माझ्या नावावर होतं. 2021 मध्ये धाकटा म्हणाला, आई, घर माझ्या नावावर करून दे, म्हणजे लोन मिळेल, वरचा मजला चढवू. रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेला. कागद हिंदीत होते, कोणी वाचून दाखवले नाहीत, मी सह्या केल्या. यजमानांचे मिलमध्ये अडकलेले पैसे ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी, 2024 मध्ये आले. माझा वाटा माझ्या खात्यात जमा झाला होता, तोही त्याने 'एफडी करतो' म्हणून काढून घेतला. आता मी मागच्या खोलीत असते. ताट दाराशी ठेवून जातात. बीपीची गोळी संपली की आठ आठ दिवस येत नाही. परवा म्हणाला, पुण्याला दादाकडे जा, आमच्याने आता होत नाही. मोठा फोनवर म्हणतो, ज्याला घर दिलंस त्याच्याकडे राहा. मुलगी देवासला असते, ती म्हणते कलेक्टोरेटमध्ये अर्ज दे. माझ्या जिवावर येतं. पोटच्या पोराला पोलिसांत ओढायचं का? दरवर्षी एक ऑक्टोबरला आमच्या वयाच्या लोकांसाठी भाषणं होतात, धोरण म्हणतात, कायदा म्हणतात. असा कायदा खरंच आहे का, आणि तो माझ्यासारखीच्या काही कामाचा आहे का? शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हे पत्र लिहून देते आहे."

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते, पण काही गोष्टी आजच करायच्या आहेत, त्या आधी सांगते. कोणीही, कितीही गोड बोलून कागद पुढे केला तरी सही करू नका, अंगठा देऊ नका. स्वतःहून घर सोडू नका. पुण्याला 'चार दिवस राहून ये' असं म्हणाले तरी सध्या जाऊ नका. परत आल्यावर खोलीला दुसरं कुलूप दिसलं तर तुमची बाजू आणखी अवघड होईल. पासबुक, आधार कार्ड, एटीएम कार्ड मुलीकडे ठेवायला द्या. आणि गोळी. रक्तदाबाची गोळी अशी मध्येच आठ दिवस बंद राहिली तर जिवावर बेतू शकतं. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. एकदा एम.वाय. या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन चिठ्ठी करून घ्या आणि महिन्याभराच्या गोळ्या स्वतःजवळ ठेवा. त्यासाठी मुलाच्या मर्जीची वाट पाहू नका. शेजारच्या त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी सांगा आणि तिच्या फोनमध्ये 14567 हा नंबर ठेवायला सांगा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. घराबाहेर काढण्याचा किंवा अंगावर हात टाकण्याचा प्रकार झाला तर मात्र थेट 112.

आता तुमच्या जिवावर आलेल्या गोष्टीबद्दल.

मुलाविरुद्ध अर्ज म्हणजे मुलाला पोलिसांत देणं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या पिढीतल्या बहुतेक आयांना तसंच वाटतं, आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये हे तुमच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं आहे. पण मुलगी ज्या अर्जाबद्दल बोलते आहे त्याचा पोलिसांशी संबंध येत नाही. तो तुमच्या भागाच्या एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. 2007 च्या माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिक भरण-पोषण कायद्याखाली एसडीएम हाच अशा प्रकरणांचं अधिकरण, म्हणजे निवाडा करणारा, म्हणून बसतो. अर्ज आला की नोटीस निघते, मुलांना बोलावतात, आणि अधिकरणाला वाटलं तर आधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवतात. त्याने महिन्याभरात काय ते कळवायचं असतं. किती तरी घरांत गोष्ट तिथेच मिटते, कारण आजवर आईला एकटीला गाठून बोलणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच तिसऱ्या माणसासमोर उत्तर द्यावं लागतं. तुरुंगाचा प्रश्न फार पुढचा. दरमहा इतके पैसे द्या असा हुकूम झाला, तो मुलाने मानला नाही, वसुलीचं वॉरंट निघालं आणि तरीही त्याने दिले नाहीत, तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तिथवर जायचं की नाही हे त्याच्या हातात राहतं.

आणि काकू, मनापासून सांगते, लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही. ज्या बाईने दुसऱ्यांच्या घरच्या पोळ्या लाटून तीन मुलं वाढवली तिच्यासमोर ताट दाराशी ठेवून जाणं, ही त्या घराची लाज आहे. तुम्ही आजवर ती झाकत आलात. आता पुरे.

कायदा काय देतो ते नीट समजून घ्या, कारण मुलं याच बाबतीत तुम्हाला गोंधळात टाकतील. साठ वर्षांवरचा कोणताही भारतीय नागरिक स्वतःच्या मिळकतीवर निभावू शकत नसेल तर तो मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतो. आईवडिलांना तर साठीची अटही नाही. निर्वाहात अन्न, वस्त्र, राहायला जागा आणि औषधपाणी हे सगळं येतं. मुलं म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही, आणि सज्ञान नातवंडंसुद्धा. 'ज्याला घर दिलंस त्याच्याकडे राहा' म्हणणारा तुमचा थोरला इथे चुकतो आहे. घर मिळालं नाही म्हणून आईची जबाबदारी संपते असं कायद्यात कुठेही नाही. तो पुण्यात असला तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे इंदूरच्या अधिकरणासमोर त्याला बोलावता येतं. अर्जात दोन्ही मुलांची नावं घाला. मुलीचं नाव तुम्ही नाही घातलंत तर मुलगे ते घालायला लावू शकतात, तेव्हा तिलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे नोटीस आली तर ती बिचकणार नाही.

सुनेबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाहीत, हे मला आवडलं. अर्जातही लिहू नका. 2007 च्या कायद्यात सुनेवर निर्वाहाची जबाबदारी नाही, आणि सासूचं सगळं सुनेनेच करायचं हे गृहीत धरून आपण दोघींचंही आयुष्य नासवत आलो आहोत. आजारी माणसाचं अंथरूण-पांघरूण, पथ्यपाणी, रात्रीची उठबस बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येते. तिला चार तास सुट्टी मिळावी म्हणून मोहल्ल्यात सरकारी दिवसघर नाही, घरी येऊन बघणारी परिचारिका नाही. धोरण हवं म्हणते मी, त्यात हेही येतं.

अर्ज निकाली काढायला नोटीस पोहोचल्यापासून 90 दिवस आहेत, अपवाद म्हणून आणखी 30. तोवर उपाशी राहायचं असं नाही, अंतरिम रक्कम मागता येते. ती अर्जातच मागा, ओळ स्वतंत्र लिहा, नाहीतर कोणी आपणहून देत नाही. वकील लागत नाही, हा कायदा बनवतानाच अधिकरणात वकील नकोत असं ठरवलं होतं. अर्ज लिहून द्यायला मदत हवी तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथली मदत उत्पन्न न बघता मोफत आहे. तुम्हाला जाणं झेपत नसेल तर तुम्ही लिहून दिलेली व्यक्ती, म्हणजे तुमची मुलगीसुद्धा, तुमच्या वतीने अर्ज देऊ शकते. सामाजिक न्याय विभागाच्या जिल्हा अधिकाऱ्याला तुमची बाजू मांडायला सांगण्याची सोयही आहे. आणि एसडीएम ऑफिसात कोणी टोलवाटोलवी केली, तर मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये दर मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते. तिथे अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

घराचं मात्र अवघड आहे, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. या कायद्याचं कलम 23 असं सांगतं: ज्येष्ठ नागरिकाने कायदा लागू झाल्यानंतर आपली मालमत्ता कोणाला दान किंवा इतर मार्गाने दिली, देताना अट अशी होती की घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत गरजा भागवायच्या, आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानलं जाईल आणि अधिकरण ते रद्द करू शकेल. सगळा भार 'अट' या गोष्टीवर आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, नुसतं आई आणि मुलगा एवढं नातं पुरत नाही. मग 2 जानेवारी 2025 ला त्याच न्यायालयाचा दुसरा निर्णय आला, आणि ते प्रकरण आपल्याच मध्य प्रदेशातलं, छतरपूरचं होतं. आईने 2019 मध्ये मुलाला दानपत्र करून दिलं होतं, आणि 'शेवटपर्यंत सांभाळीन' असं मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिल्याचं आईचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आईच्या विरोधात निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, दानपत्र रद्द केलं आणि सांगितलं की हा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा. अधिकरण घराचा ताबा परत देण्याचा हुकूमही काढू शकतं, हेही स्पष्ट केलं.

म्हणून तुमच्या प्रकरणात सगळ्यात आधी त्या दानपत्राची प्रमाणित नक्कल हवी. मूळ कागद मुलाकडे असणार, तो मागायला जाऊ नका. उपपंजीयक कार्यालयातून, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसातून, ती काढता येते, 2021 ची रजिस्ट्री संगणकावर आहे, मुलीला एवढं काम सहज जमेल. कागद हातात आला की एखाद्या समजत्या माणसाकडून सबंध वाचून घ्या. 'सेवा', 'देखभाल', 'भरण-पोषण', 'आजीवन निवास' यांतलं काहीही कुठेही लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. काहीच नसेल, नुसतं 'प्रेम व स्नेहापोटी' लिहिलं असेल, तर दुसरा पुरावा शोधावा लागेल: त्याने भावाला-बहिणीला पाठवलेला व्हॉट्सॲपचा निरोप, एखादं पत्र, त्या दिवशी रजिस्ट्रीला साक्षीदार म्हणून आलेली माणसं. कागद वाचून न दाखवता सही घेतली या मुद्द्यावर दिवाणी न्यायालयातही जाता येतं, पण तिथे मुदतीचं बंधन कडक असतं, त्यामुळे हा विचार पुढच्या वर्षावर ढकलू नका. आणि त्याने घरावर कर्ज काढलं आहे का हे जरूर शोधा. काढलं असेल तर बँकही मध्ये येते.

मिलच्या पैशांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. या कायद्यात मालमत्ता म्हणजे फक्त घर-जमीन नव्हे, चल संपत्तीही तिच्यात धरली आहे. तुमच्या खात्यातून त्याच्याकडे रक्कम गेल्याची नोंद बँकेच्या उताऱ्यात असेलच. 2024 पासूनचा उतारा छापून घ्या आणि अर्जाला जोडा.

या पैशांवरून मनात आलेलं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंदूरमध्ये हुकुमचंद मिल तीस वर्षांहून जास्त काळ बंद होती. कामगारांचे पैसे कज्ज्यात अडकले. 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 224 कोटी रुपये सुटले, सुमारे 4,800 कामगार कुटुंबांसाठी. तोवर त्यांतले अनेक कामगार गेले होते. तुमचे यजमानही गेले. त्या सगळ्या वर्षांत या घरांतल्या माणसांना आपल्या हक्काचा पैसा मिळाला असता, किंवा म्हातारपणी पोट भरेल एवढी पेन्शन असती, तर तुम्ही मुलाच्या लोनसाठी घर लिहून देण्याच्या वेळेपर्यंत आला असतात का? तुमच्या मुलाचा दोष मी कमी करत नाही. पण ज्या बाईकडे स्वतःचा पैसा असतो तिच्याशी घरातले लोक वेगळं बोलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

म्हणूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नावर, हे धोरण आणि कायदा आपल्या कामाचा आहे का यावर, थोडं सविस्तर लिहिते. कायदा कामाचा आहे, वापरा. पण तो अपुरा आहे, आणि अपुरा कुठे आहे हे आपण सगळ्यांनी मोठ्याने बोललं पाहिजे.

राष्ट्रीय वृद्ध धोरण 1999 सालचं आहे. तेव्हा मोबाइल फोन श्रीमंतांकडे होता आणि एकत्र कुटुंब अजून बरंचसं टिकून होतं. 2011 मध्ये नव्या धोरणाचा मसुदा तयार झाला, त्याच वर्षीच्या जनगणनेत साठीच्या वरचे लोक दहा कोटींहून जास्त भरले, आणि तो मसुदा मसुदाच राहिला. कायद्याने निर्वाहाची रक्कम जास्तीत जास्त 10,000 रुपये महिना ठेवली, 2007 मध्ये. आजही तीच. प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान 150 जणांचं वृद्धाश्रम असावं असं कायद्यात आहे, पण राज्य ते उभारू 'शकेल' असं लिहिलं आहे, उभारलंच पाहिजे असं नाही. गरीब वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये आहे. 2007 मध्ये योजनेला इंदिरा गांधींचं नाव दिलं तेव्हाही 200 च होता. ऐंशीनंतर 500. राज्य आपली भर घालतं, पण त्या रकमेत कोणाचंही म्हातारपण निघत नाही. 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात 10,000 ची मर्यादा काढायची होती, सून-जावयांनाही जबाबदारीत घ्यायचं होतं, ऐंशीच्या वरच्यांचे अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचे होते, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांवर आणि वृद्धाश्रमांवर नियमन यायचं होतं. संसदेच्या समितीचा अहवालही आला. लोकसभेची मुदत संपली आणि 2024 मध्ये विधेयकही संपलं. सून-जावयांच्या कलमाबद्दल माझं मत वेगळं आहे ते वर आलंच, पण बाकीच्या गोष्टी कोणाला नको होत्या?

मला सगळ्यात जास्त बोचतं ते असं. आजचा कायदा सुरू कधी होतो? आईने मुलाविरुद्ध अर्ज केल्यावर. म्हणजे सगळं हातातून गेल्यावर, ज्या माणसाच्या हातचं खायचं त्याच्याच विरुद्ध, एकटीने. अधिकरण आपणहून दखल घेऊ शकतं अशी तरतूद आहे, पण मागच्या खोलीतलं ताट कोणत्या एसडीएमला दिसणार? खरं संरक्षण त्याच्या आधी, रजिस्ट्रीच्या टेबलावर हवं होतं. साठीच्या वरचा माणूस मुलाला घर देतो आहे, तर कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवणं, मुलाला बाहेर बसवून त्याच्याशी पाच मिनिटं एकट्याशी बोलणं, आणि सांभाळण्याची अट व शेवटपर्यंत राहण्याचा हक्क दानपत्रात लिहिणं हे सक्तीचं असायला हवं. अट लिहिली नसेल तर ती होतीच असं कायद्याने मानावं, नव्हती हे सिद्ध करायचं काम घेणाऱ्याचं. एवढी एक दुरुस्ती झाली तरी असंख्य आया अधिकरणाची पायरी न चढता आपल्या घरात राहतील. वृद्धाच्या खात्यातून मोठी रक्कम नातेवाइकाकडे जाते तेव्हा बँकेनेही असंच विचारावं.

हे राज्याराज्यांवर सोडून भागत नाही. हिमाचलने 2001 मध्येच, केंद्राच्या आधी, आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला. आसामने सरकारी नोकरांच्या पगारातून आईवडिलांसाठी कपात करण्याचा कायदा 2017 मध्ये केला. केरळने 2025 मध्ये वृद्धांसाठी वेगळा आयोग नेमण्याचा कायदा केला. चांगलं केलं. पण तुमच्यासारख्या आईचा एक मुलगा पुण्यात, दुसरा इंदुरात, आणखी कोणाची मुलगी बडोद्यात. आईने कोणत्या राज्यात म्हातारं व्हावं यावर तिचं संरक्षण ठरू नये. महिलांसाठी राष्ट्रीय आयोग आहे, मुलांसाठी आहे. वृद्धांसाठी नाही. घटनेच्या 41 व्या कलमात म्हातारपणी सरकारी मदत मिळण्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे त्यासाठी न्यायालयात थेट दाद मागता येत नाही.

आयोग का हवा ते इंदूरकरांना तरी वेगळं सांगायला नको. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या या शहरात, जानेवारी 2021 च्या थंडीत, महापालिकेच्या गाडीतून बेघर म्हाताऱ्या माणसांना शहराबाहेर क्षिप्रा गावाशी नेऊन उतरवलं होतं. गावकऱ्यांनी हटकलं, चित्रफीत काढली, म्हणून त्यांना परत आणावं लागलं. उपायुक्त निलंबित झाले आणि चर्चा थांबली. मुलाने आईला वाऱ्यावर सोडलं तर 2007 च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. व्यवस्थेनेच सोडलं तर त्या म्हाताऱ्यांच्या वतीने कायमचं लक्ष ठेवणारं, चौकशी करणारं कोणी नाही. ज्यांना मुलंच नाहीत, घर नाही, लिहून द्यायला काही नाही, त्यांना भरण-पोषणाचा अर्ज करून काय मिळणार? त्यांच्यासाठी पेन्शन आणि डोक्यावर छप्पर ही थेट सरकारची जबाबदारी हवी, आणि ती देशाच्या कायद्यात लिहिलेली हवी.

हे वाचणाऱ्या इतरांना, विशेषतः इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा आपल्या वस्त्यांतून सत्तरीत पोहोचलेल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. जिवंतपणी घर लिहून देऊ नका. द्यायचंच असेल तर वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करा. ती हवी तेव्हा बदलता येते आणि घर तुमच्या हयातीत तुमचंच राहतं. कर्जासाठी मुलाला तुमच्या सहीची गरज असेल तर बँकेत स्वतः जाऊन विचारा, दान न करता काय करता येतं ते. आणि दानपत्राशिवाय गत्यंतरच नसेल, तर सांभाळण्याची अट आणि राहण्याचा हक्क लिहिलेला आहे हे स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. मुलं चांगली असली तरीही. चांगल्या मुलाला अट लिहायला अडचण वाटत नाही.

काकू, आणखी एक काम लेकीकडून करून घ्या. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालं आहे. दवाखान्यात भरती होण्याची वेळ आली तर वर्षाला 5 लाखांपर्यंतचा खर्च त्यात निघतो. आधार कार्डावर ते होतं. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्या सरकारी दवाखान्यातूनच घ्याव्या लागतील, पण उद्या काही झालं तर 'खर्च कोण करणार' या वादात तुम्ही घरात पडून राहणार नाही.

कामांचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात गोळ्या आणि कागदपत्रं सुरक्षित. पुढच्या आठवड्यात दानपत्राची नक्कल आणि बँकेचा उतारा. त्यानंतर विधिक सेवा प्राधिकरणात बसून अर्ज: दोन्ही मुलांकडून निर्वाह, अंतरिम रक्कम, औषधांचा खर्च, राहत्या खोलीतून न काढण्याचा हुकूम, आणि कलम 23 खाली दानपत्र रद्द करण्याची मागणी. सगळं एकाच अर्जात. त्याआधी धाकट्याला एकदा, मुलगी समोर असताना, शांतपणे सांगा की तुम्ही अर्ज देणार आहात. धमकी म्हणून नको. त्याला वळायचं असेल तर त्याला तेवढी संधी मिळू दे, पण अर्जाची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

नक्कल मिळाली की त्यातला अटींचा भाग शेजारच्या मुलीकडून टाइप करून मला पाठवा. तो वाचल्याशिवाय घराबद्दल याहून पुढचं मी सांगू शकत नाही.

तुमची,
सल्लागार ताई